बोलता येणे हेही शिक्षणच आहे

(मंडळाच्या वर्षावास कार्यक्रमात सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला 'सभेत बोलणे' हा विषय दिला आहे. प्रथमच सांगतो की मी वक्ता नाही. मी बँकेत कारकून आहे. दिवसभर काउंटरवर माझे बोलणे म्हणजे "सही इथे करा", "पासबुक आणलंय का?", एवढेच. मग हा विषय मी का घेतला, हे सांगायला हवे.

काही वर्षांपूर्वी आमच्या चाळीतल्या एका काकांचे निधन झाले. त्यांचे नाव येथे घेत नाही. कारखान्यात पाळी करून आले की ते चाळीच्या व्हरांड्यात आम्हा दहा-पंधरा पोरांना बसवून अभ्यास घ्यायचे. माझे दहावीचे गणित त्यांच्यामुळे सुटले. त्यांच्या जलदान विधी व पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात संचालकांनी एकाएकी माझे नाव पुकारले. "साहेब बँकेत आहेत, बी. ए. झालेले आहेत, दोन शब्द बोलतील." मी उठलो. हात थंड पडले. "काका मनमिळाऊ स्वभावाचे होते, त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे," असे म्हणून मी खाली बसलो. मोजून अर्धा मिनिट. कार्यक्रम संपल्यावर काकू जवळ आल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तर त्यांच्यापाशी शिकलात ना? तेवढं सांगायचं होतं."

बंधू-भगिनींनो, त्या सभेत काकांच्या कारखान्यातले लोक होते, नातेवाईक होते, नवी पिढी होती. व्हरांड्यातल्या त्या वर्गाची गोष्ट त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊक नव्हती. ती सांगू शकणारा माणूस समोर उभा होता आणि त्याला बोलता आले नाही. माझ्याजवळ पदवी होती, मनात कृतज्ञता होती, सांगण्यासारखे भरपूर होते. नव्हता तो फक्त सराव. तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करू लागलो.

आपण असे समजतो की वक्तृत्व ही जन्मजात देणगी आहे. कुणाच्या जिभेवर असते, कुणाच्या नसते. हा समज आपल्या समाजाला परवडणारा नाही. जन्माने मिळते म्हणणाऱ्या गोष्टींचे काय करायचे, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलेलेच आहे. बोलणे ही विद्या आहे. ती शिकता येते आणि शिकवताही येते.

बाबासाहेबांचेच उदाहरण घेऊ. त्यांची मोठी भाषणे आपल्याला माहीत आहेत, पण त्यामागची तयारी आपण पाहत नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. त्यांनी संपूर्ण भाषण आधी लिहून काढले. त्यातील काही भाग मंडळाला रुचला नाही, बदल करा असे सांगण्यात आले. बाबासाहेबांनी नकार दिला, परिषद रद्द झाली आणि ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. जे भाषण झालेच नाही, ते आज जगभर वाचले जाते, कारण ते कागदावर पूर्ण तयार होते.

दुसरा प्रसंग १७ डिसेंबर १९४६ चा, संविधान सभेतला. उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. वक्त्यांच्या यादीत बाबासाहेबांच्या आधी वीस-बावीस नावे होती, त्यामुळे आपली पाळी दुसऱ्या दिवशी येईल असे त्यांना वाटले होते. अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांना अचानक पुकारले. आपण तयारी करून आलेलो नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगितले आणि नंतर देशाच्या ऐक्यावर असे भाषण केले, की त्यांना विरोधक समजणाऱ्यांनीही ते मन लावून ऐकले. आता, ही तयारी नसलेली वाणी कुठून आली? कोलंबियातील चर्चासत्रे, साऊथबरो समितीपुढील १९१९ ची साक्ष, महाड, गोलमेज परिषद, मुंबईचे विधिमंडळ, न्यायालयातील युक्तिवाद, अशी तीस वर्षांची तयारी तिच्या पाठीशी होती. अचानक पुकारल्यावर ज्याला बोलता येते, त्याने आधी पुष्कळदा बोलून पाहिलेले असते.

बाबासाहेबांनी ही विद्या आपल्यापुरती ठेवली नाही, हे मला विद्यार्थ्यांना विशेष सांगायचे आहे. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग होते. समाजाचे म्हणता येईल असे ते महाविद्यालय. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. पोरे मंत्री व्हायची, विरोधक व्हायची, प्रश्न विचारायची, ठराव मांडायची. १९५० च्या जानेवारीत बाबासाहेब स्वतः त्या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. देशाचे कायदामंत्री विद्यार्थ्यांच्या संसदेत येऊन बोलतात, यावरून त्यांना या शिक्षणाची किंमत किती वाटत होती ते दिसते.

त्याही पुढे जाऊन १ जुलै १९५६ रोजी त्यांनी मुंबईत 'ट्रेनिंग स्कूल फॉर एंट्रन्स टू पॉलिटिक्स' ही शाळा काढली. कायदेमंडळात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना तेथे तयार करायचे होते. पहिल्या तुकडीत अवघे पंधरा विद्यार्थी होते. लोकप्रतिनिधीला अभ्यासाबरोबर सभेत बोलण्याची कला यायला हवी, हा त्यामागचा विचार होता. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा साडेतीन महिने उरले होते आणि बाबासाहेबांची प्रकृती ढासळत होती. अशा वेळीही त्यांना पंधरा मुलांची शाळा काढावीशी वाटली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि मार्च १९५७ च्या सुमारास ती शाळा बंद पडली. आपण बाबासाहेबांचे पुतळे उभारले, त्यांच्या नावाने चौक केले, हे योग्यच झाले. परंतु बंद पडलेली ती शाळा पुन्हा काढण्याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला?

आता धम्माकडे येतो. आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक वाणीला स्वतंत्र स्थान आहे. खोटे, चहाडी, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड यांपासून दूर राहणे, हा तिचा अर्थ आपण जाणतो. पण तथागतांनी सभेत बोलणाऱ्यासाठीही मार्गदर्शन केले आहे. अंगुत्तर निकायात प्रसंग आहे. कोसंबीच्या घोसितारामात स्थविर उदायी मोठ्या गृहस्थ समुदायासमोर धम्म सांगत होते. आनंदांनी ते भगवंतांना सांगितले. तेव्हा भगवंत म्हणाले, दुसऱ्याला धम्म सांगणे ही सोपी गोष्ट नाही, आणि त्यांनी पाच नियम घालून दिले. पायरी-पायरीने सांगावे. कारण दाखवून सांगावे. करुणेपोटी सांगावे. लाभाच्या आशेने सांगू नये. स्वतःला वा इतरांना दुखावून सांगू नये. अडीच हजार वर्षांनंतर आजही भाषण शिकवायचे झाले तर याहून अधिक काय शिकवणार?

या पाच नियमांच्या मापाने आपण आपल्याच सभा मोजून पाहू या. राग मानू नका, मीही त्याच सभांतला आहे. सहाची सभा साडेसातला सुरू होते. हारतुरे, शाल, सत्कार यांत एक तास जातो. प्रत्येक वक्ता "मी जास्त वेळ घेणार नाही" म्हणतो आणि पाऊण तास घेतो. महाड, येवला, नागपूर हे सगळे प्रत्येक जण पहिल्यापासून सांगतो. ज्याला ऐकायला लोक आलेले असतात तो प्रमुख पाहुणा पावणेदहाला उभा राहतो आणि दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, कारण कायदाच तसा आहे. तोवर बदलापूर-टिटवाळ्याकडची मंडळी गाडी पकडायला निघून गेलेली असतात. दुसऱ्याचा वेळ घेणे हेही न दिलेले घेण्यासारखेच आहे, असे मला वाटते. दुसरे म्हणजे, आवाज चढवला की भाषण झाले असे आपण समजतो. कुणाला शिव्या घातल्या की टाळ्या पडतात. त्या टाळ्या घरी नेऊन उपयोग नसतो. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येत नाही ते नाहीच.

आपल्या या परिसराला बोलण्याची फार जुनी परंपरा आहे. सोपारा आपल्यापासून दूर नाही. २०१४ पर्यंत ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तेथे मिळाला. त्या लेखात काय आहे? पूर्वीचे राजे शिकारीला, करमणुकीला निघत. अशोकाने धम्मयात्रा सुरू केल्या. त्यांत गावोगावच्या लोकांना भेटणे, त्यांना धम्म सांगणे आणि त्यांच्याशी धम्माविषयी विचारविनिमय करणे हे काम होते. राजाने लोकांजवळ जाऊन बोलावे, त्यांचेही ऐकावे, हे आपल्या सोपाऱ्याच्या दगडावर कोरलेले होते. आपले कल्याण तर प्राचीन बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दानकर्त्यांची नावे आजही वाचता येतात.

सोपाऱ्याशीच जोडली जाते ती भिक्खू पुण्ण यांची कथा. सुनापरांत देशी, म्हणजे या पश्चिम किनाऱ्याकडे, धम्मप्रचाराला निघताना त्यांनी भगवंतांचा निरोप घेतला. भगवंतांनी विचारले, तेथले लोक उग्र आहेत, त्यांनी तुला शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणाले, हाताने मारले नाही म्हणून मी त्यांना भले समजेन. हाताने मारले तर? दगड मारले नाहीत म्हणून भले समजेन. असे प्रश्न वाढत जीव घेण्यापर्यंत गेले आणि पुण्ण डगमगले नाहीत. मग भगवंतांनी त्यांना जाण्यास अनुमती दिली. त्याच वर्षावासात त्यांनी पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका घडवल्या, असे मज्झिम निकाय सांगतो. यातून मी एवढेच घेतो, की बोलणाऱ्याची पहिली तयारी मनाची असते. आपण समोर उभे राहिल्यावर लोक हसतील, या भीतीने गप्प बसणाऱ्या माझ्यासारख्याने पुण्ण आठवावेत.

आता या भीतीचे मूळ सांगतो. आपल्या मुलांना हसतील असे वाटते, ते उगाच नव्हे. वर्गात, कचेरीत, 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हटले की कुणीतरी ओठ मुडपून हसते. एवढ्याने मूल वर्षभर हात वर करत नाही. मी स्वतः 'न' आणि 'ण' यांच्या भीतीने कॉलेजची तीन वर्षे शेवटच्या बाकावर काढली. विद्यार्थ्यांनो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तुमच्या आईची बोली अशुद्ध नाही, ती फक्त वेगळी आहे. दुसरी, प्रमाण मराठी हेही एक साधन आहे आणि ते आपण हस्तगत करायचे आहे. इंग्रजीचेही तसेच. विहारात घरची बोली बोला, मुलाखतीत प्रमाण भाषा बोला, गरज पडेल तेथे इंग्रजी बोला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) प्रौढ वयात मुळाक्षरे शिकले, आणि महाराष्ट्रभर त्यांची वाणी गेली. उच्चारांची परीक्षा घ्यायला त्यांना कुणी अडवू शकले नाही, कारण त्यांच्याजवळ सांगण्यासारखे होते.

भगिनींविषयी बोललो नाही तर हे भाषण अपुरे राहील. १८५५ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून वेगळे भाषण केले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेचे अध्यक्षपद सुलोचनाबाई डोंगरे यांनी भूषवले, आणि ती प्रचंड परिषद स्त्रियांनी स्वतः चालवली. आणि आज आपल्या मंडळात? वंदना महिला घेतात, खीर महिला करतात, रांगोळी महिला काढतात. ठराव मांडायची वेळ आली की ध्वनिक्षेपक पुरुषांच्या हाती. माझ्या काउंटरवर रोज भगिनी येतात. खात्यातून काही रक्कम वजा झालेली असते, ती का झाली हे विचारायचे असते. पासबुक पुढे करतात, मी वर पाहिले की "काही नाही, राहू द्या" म्हणून वळतात. मी हाक मारून बसवतो, तेव्हा कळते. पण प्रत्येक काउंटरवर कुणी हाक मारील असे नाही. ज्याला विचारता येत नाही त्याचे नुकसान त्याच्या पासबुकात दिसते, हे मी अनुभवाने सांगतो.

हीच गोष्ट नगरपालिकेची, रुग्णालयाची, शाळेची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तेथे अर्ज घेऊन उभे राहिल्यावर दोन-तीन मिनिटांत आपले म्हणणे सांगावे लागते. गटाराची तक्रार घेऊन गेलेला आपला कार्यकर्ता समाजावरील अन्यायापासून सुरुवात करतो. अन्याय खराच असतो, पण अधिकारी गटारापर्यंत पोहोचण्याआधी पुढचे नाव पुकारतो. काय झाले, केव्हापासून, किती घरांना त्रास, आधी कोणता अर्ज दिला, आता काय हवे, एवढे पाच मुद्दे या क्रमाने सांगितले तर काम पुढे सरकते. उदायींना सांगितलेले 'पायरी-पायरीने' ते हेच.

म्हणून मी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. विहारात बारा रविवारांचा बोलण्याचा वर्ग सुरू करू या. तुकडी पंधरांची असावी, बाबासाहेबांच्या शाळेत होती तेवढीच. त्यांत निदान सात-आठ भगिनी असाव्यात आणि वर्गाची वेळ त्यांच्या सोयीने ठरावी. शुल्क नको, हजेरीची वही मात्र हवी. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, कामगार संघटनेत आयुष्य गेलेले लोक आहेत. शिकवणारे बाहेरून आणायला नकोत.

पहिले दोन रविवार प्रत्येकाने उभे राहून एक मिनिट आपला परिचय द्यावा. सुरुवातीस पाच मिनिटे आनापान करावे. श्वास स्थिर झाला की आवाज स्थिर होतो. पुढचे दोन रविवार वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, म्हणजे उच्चार सुटतात. पाचव्या-सहाव्याला पाहिलेली एखादी घटना क्रमाने सांगावी. सातव्या-आठव्याला एकाने अधिकारी व्हावे आणि इतरांनी शिष्टमंडळ. नववा रविवार नोकरीच्या मुलाखतीचा. दहाव्याला सभा कशी चालवायची ते शिकावे : विषयपत्रिका, ठराव, दुरुस्ती, मतदान, इतिवृत्त. अकराव्याला जयंती, मंगल परिणय, पुण्यानुमोदन अशा प्रसंगी पाच मिनिटांत काय बोलावे याचा सराव. बाराव्याला वादविवाद, आणि त्यात आपल्या मताविरुद्धची बाजू मांडायची. दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकल्याशिवाय ती मांडता येत नाही, आणि ऐकता येणे हा या शिक्षणाचा अर्धा भाग आहे.

एका नियमावर मात्र मी अडून बसेन. वेळ संपली की घंटा वाजेल आणि बोलणारा खाली बसेल, मग तो विद्यार्थी असो वा मंडळाचा अध्यक्ष. (अध्यक्ष महोदय हसत आहेत, म्हणजे मान्य आहे असे समजतो.)

वाचनाची सोय आपल्याकडे आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभे आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या मालेतील अठरावा खंड तीन भागांत आहे आणि त्यात त्यांची मराठी भाषणे आहेत. तो खंड विहारात घेऊ या. त्यातले एक भाषण दर रविवारी एकाने वाचावे आणि इतरांनी सांगावे की बाबासाहेबांनी सुरुवात कशी केली, दाखला कोणता दिला, शेवटी लोकांना काय करायला सांगितले. मोबाइलवर भाषणे पाहायला मिळतात, ती जरूर पाहा, पण पाहून पोहता येत नाही. पाण्यात उतरावे लागते.

शेवटी काकांकडे परत येतो. त्यांच्या प्रथम पुण्यस्मरणाच्या आधी महिनाभर मी एका कागदावर चार ओळी लिहिल्या आणि सकाळी गाडीत मनात म्हणत राहिलो. त्या दिवशी मी स्वतः होऊन वेळ मागितला. पाच मिनिटे बोललो. हात थरथरत होते, 'ण' चे दोनदा 'न' झाले, कुणी हसले नाही. व्हरांड्यातला तो वर्ग, कंदिलाची काच पुसणारे काका, नापास झालेल्या पोराला दुसऱ्या दिवशी स्वतः बोलावून आणणारे काका, हे सगळे सांगितले. सभेनंतर त्यांचा नातू माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, आजोबा शिकवायचे हे मला माहीतच नव्हतं."

तो मुलगा आज येथे, दुसऱ्या रांगेत बसला आहे. बोलण्याच्या वर्गाच्या वहीत पहिले नाव त्याने लिहिले आहे, दुसरे मी लिहिले आहे. तेरा जागा शिल्लक आहेत. मी घंटा वाजण्याआधी थांबतो.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम, जय भारत.